ब्रँडीचं पाकीट

'ब्रँड-न्यू' हा शब्द हातावेगळा करून मी पुढचं पाकीट ओढलं, तर हाताला 'ब्रॅश' लागला. ब्रॅश म्हणजे उर्मट. आता शब्दकोशात काम करणाऱ्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, मुळाक्षरं पाठ असतात. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं माझं बोट पुन्हा पुन्हा त्या दोन पाकिटांच्या मधे जायला लागलं. मधला शब्द कुठे गेला? आणि नेमका कुठला शब्द गेलाय ते लक्षात आलं तेव्हा मला घाम फुटला. तो रागाचा होता.

ब्रँडी गायब होती.

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. आम्ही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक कोश करतोय, रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीचा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. तळाला चष्म्यांचं दुकान असल्यामुळे जिन्याच्या तोंडाशी नेहमी कोणीतरी नवा चष्मा लावून पायऱ्या चाचपत उभं असतं. वर एक लांब खोली, एक लांब टेबल आणि भिंतीभर तपकिरी पाकिटं. एका शब्दाला एक पाकीट. पाकिटात चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या शब्दाचं एक वाक्य, कोणीतरी कुठेतरी वाचलेलं किंवा ऐकलेलं. माझं काम उदाहरणांचं. पाकिटातून निवडायची, नाहीतर बाहेर हिंडून कानाने गोळा करायची, आणि शब्दामागे तीन वाक्यं द्यायची.

दर बुधवारी वाचन असतं. सगळे टेबलाभोवती बसतात आणि लिहिणारा आपली वाक्यं मोठ्याने वाचतो. असलं वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून आपण कधी ऐकलेलं नाही असं ज्याला वाटेल, त्याने टेबलावर बोटाने टकटक करायची. मग कोणीतरी साक्ष द्यायची, की मी ऐकलंय, अमक्या ठिकाणी, अमक्याकडून. साक्ष मिळाली नाही आणि दुसरी टकटक झाली, की वाक्य मेलं. लिहिणाऱ्याने स्वतःच्या वाक्याची साक्ष द्यायची नाही. दिली असती तर आजवर एकही वाक्य मेलं नसतं.

टेबलाच्या डोक्याशी संपादिकाबाई बसतात. पाठीमागे त्यांना सगळे कात्री म्हणतात आणि ते त्यांना माहीत आहे. त्यांच्या उजव्या हाताला एक काका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज येतात, म्हणून त्यांचं नाव परिशिष्ट. मग पानं जुळवणाऱ्या जुळणीबाई, कानात सदा हेडफोन. मग मुद्रितं तपासणारी माझी सख्खी थोरली बहीण, ताई. आणि शेवटी मी. मला मास्तर म्हणतात, कारण दारूपायी शाळेतली नोकरी घालवायच्या आधी मी इंग्रजीचा मास्तर होतो.

हे एकदा सरळ बोललेलं बरं. मी प्यायचो आणि प्यायचो ती ब्रँडीच. ब्रँडी म्हणजे दारू नव्हे, औषध, असा आमच्या घरी पक्का समज होता. सर्दी झाली, चमचा. थंडी वाजली, चमचा. पुढे मला सर्दीची गरज लागेना, आणि त्याच्याही पुढे चमच्याची. एक दिवस फळ्यासमोर माझा तोल गेला. मुलं हसली असती तर चाललं असतं, पण ती घाबरली. तिथे मास्तरकी संपली. मग उपचार झाले, मग ताईच्या घरातला सोफा आणि भावोजींचं जपून जपून बोलणं. वर्ष होत आलं, थेंब घेतलेला नाही. ताईने कात्रीबाईंच्या हातापाया पडून मला इथे चिकटवलं, तेही तात्पुरतं, 'बी' हे अक्षर संपेपर्यंत. बी संपलं की मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते बाई ठरवणार होत्या. चाळिशी उलटलेल्या, शाळेतून काढलेल्या माणसाला दुसरं दार उघडं नव्हतं. मला इथे राहायचं होतं, आणि कोणाच्या दयेवर नाही, वाक्यं बरी लिहितो म्हणून राहायचं होतं.

आणि इकडे माझ्या ताटातले शब्द कोणीतरी उचलत होतं.

“काका, ब्रँडी कुठंय?” मी परिशिष्टकाकांना विचारलं.

“सकाळी सकाळी?” ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे पाकीट म्हणतोस होय. असेल कुठेतरी. पाकिटं काय, इकडची तिकडे होतात.”

जुळणीबाईंकडे वळलो तर त्यांनी हेडफोन काढलाच नाही. त्यात काही वाजत नव्हतं, कारण वाजत असलं की त्यांची मान हलते. सगळी आळीमिळी गुपचिळी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी 'बार' केला होता तेव्हा पाकिटात साबणाची वडी, चॉकलेट आणि खिडकीचे गज एवढंच होतं. 'बिअर' काकांनी स्वतःकडे घेतला होता, “तुला जरा मोकळं ठेवतो” म्हणून. 'बूझ', म्हणजे दारूच, तो तर माझ्याकडे आलाच नव्हता, आणि मी नवा, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. 'बॉटल'च्या पाकिटात दुधाची बाटली होती, औषधाची होती, तान्ह्या बाळाची होती, गरम पाण्याची होती. मला तेव्हा वाटलं होतं, चला, जग सुधारलं. जग नव्हतं सुधारलं. माझ्यासाठी ते झाडून पुसून ठेवलं होतं, आणि मी मूर्ख, त्या स्वच्छ जगाची वाक्यं लिहून वर बाईंची शाबासकी घेतली होती.

ताईला मी चहाच्या टेबलाशी गाठलं.

“तूच काढलंस ना पाकीट?”

ताईला खोटं बोलता येत नाही. ती कपबशी विसळत राहिली. “मी सगळ्यांना सांगूनच ठेवलं होतं,” ती म्हणाली. “असले शब्द तुझ्याकडे येऊ द्यायचे नाहीत.”

“अगं, शब्दाने चढत नाही.”

“दिवसभर त्या चिठ्ठ्या वाचत बसायचं? ग्लास काय, वास काय, घशातली ऊब काय. मलाच वाचून कसंतरी झालं. हे बघ, दुधाने तोंड पोळलंय माझं. मी ताक फुंकणारच.”

“पण ताक माझं आहे ताई.”

तिने नळ बंद केला. “पहिला चमचा मीच दिला होता तुला,” ती म्हणाली. “छाती भरली होती तुझी. आई म्हणाली, दे त्याला चमचाभर. तू एवढासा. आधी तोंड वाकडं केलंस आणि मग म्हणालास, अजून. मी दिला. हसत हसत दिला.”

तिचे डोळे भरून आले. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, आणि ही दोन्ही एकदम आली की मला धड बोलता येत नाही. “अर्ध्या जगाला तो चमचा मिळालाय,” मी कसंबसं म्हणालो. “सगळं जग काही माझ्यासारखं झालं नाही. पुढचं सगळं मी केलं. ते तरी माझ्याकडे राहू दे.”

मी जागेवर येऊन बसलो आणि विचार केला. गप्प बसावं तर बुधवारी काका 'ब्रँडी' वाचणार. बाई विचारणार, हा शब्द मास्तरांकडे का नाही? सगळे टेबलाकडे बघणार. आणि बाई काय ते समजणार, की या माणसाला प्रत्येक शब्द देता येत नाही. असा उदाहरणकार काय कामाचा? ज्याला विस्तव चालत नाही त्याला कोणी स्वयंपाकी म्हणून ठेवतं का? उलट, स्वतः जाऊन सांगावं तर ताई अडचणीत येणार. आमच्याकडे परवानगीशिवाय पाकीट हलवणं म्हणजे घोर पाप. शेवटी मी उठलो. हात दाखवून अवलक्षण, तर अवलक्षण.

कात्रीबाई पेन्सिलीने कोणाचं तरी वाक्य छाटत होत्या.

“बाई, ब्रँडी मला द्या,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्याकडेच असायला हवा तो शब्द. कोणाकडे आहे?”

“काकांकडे असावा.”

“का?”

मी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. त्यांनी खोलीच्या टोकाला पाहिलं. तिथे ताई मुद्रितात इतकं डोकं खुपसून बसली होती की कागदाला नाक लागलं असतं. बाईंना सगळं कळलं, आणि कळलं की त्या कधी बोलून दाखवत नाहीत.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “मला इथे पिणारा माणूस चालणार नाही. आणि शब्दाला भिणाराही चालणार नाही. तुम्ही यातले कोणी आहात का, मला माहीत नाही. बुधवारी वाचा. वाक्यं टिकली तर टिकली.”

“आणि मी?”

“मी वाक्यांवरच ठरवते. माणसांवर ठरवायला गेले की माझं चुकतं.”

पाकीट काकांनी स्वतः आणून दिलं, दोन्ही हातांत धरून, सांडेल की काय अशा बेताने. मी टेबलावर सगळ्या चिठ्ठ्या पसरल्या. खरं सांगतो, पहिल्या काही चिठ्ठ्या वाचताना तोंडाला पाणी सुटलं. ताई अगदीच चुकीचं बोलत नव्हती. पण पुढे पुढे वैतागच यायला लागला. सगळी ब्रँडी जुन्या कादंबऱ्यांतली. शेकोटीपुढचे निवृत्त कर्नल, चक्कर येऊन पडणाऱ्या बायका, धावत जाऊन ग्लास आणणारे नोकर. 'त्याने स्वतःसाठी ब्रँडी ओतली आणि खिडकीबाहेर पाहिलं.' हे वाक्य तर अकरा वेगळ्या हस्ताक्षरांत होतं. खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कोणाला ती उतरतच नव्हती जणू. पण आज, रोजच्या बोलण्यात, हा शब्द कोण कसा वापरतं? त्याची एक चिठ्ठी नव्हती. पाकीट जाडजूड आणि आत जिवंत काही नाही.

आमच्यात श्रवणफेरी म्हणून एक पद्धत आहे. पाकीट कोरडं निघालं की लिहिणाऱ्याने दुपारची सुट्टी घेऊन जिथे इंग्रजी बोलतात तिथे जाऊन नुसतं ऐकायचं. मी सोमवारची दुपार मागून घेतली.

पहिल्यांदा गेलो पलीकडच्या गल्लीतल्या बेकिंगच्या क्लासला. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीत शिकवतात, आणि खिडकी रस्त्याला लागून आहे. पाऊण तास मैदा, लोणी आणि साखर ऐकली तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, मनुका रात्रभर ब्रँडीत भिजत घाला. मी बाहेर उभ्या उभ्या लिहून घेतलं. मनुकांचा मला थोडा हेवा वाटला.

मग जनावरांच्या दवाखान्यात. तिथे एक लठ्ठ तपकिरी कुत्रा डॉक्टरांच्या टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हता, आणि मालकीण गुडघ्यांवर बसून “ब्रँडी, कम हिअर, ब्रँडी” करत होती. रोजच्या इंग्रजीत या शब्दाचा सगळ्यात जास्त वापर बहुधा कुत्र्यांना हाका मारायलाच होत असेल. पण विशेषनामं आमच्या कोशात घेत नाहीत. कुत्र्याने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की तूही इकडेच ये, टेबलाखाली बरं आहे.

आणि मग मी नदीकाठच्या हॉटेलात गेलो. मुद्दाम गेलो का? थोडा मुद्दामच. बाहेरगावचे लोक तिथे उतरतात, इंग्रजी बोलतात, हे खरं. पण पगाराच्या दिवशी मी तिथेच बसायचो, हेही खरंच. लॉबीच्या डाव्या हाताला बार आहे. मी बारकडे पाठ करून खुर्चीत बसलो आणि कान टवकारले. दोन परदेशी माणसं विमानाच्या वेळेवरून वाद घालत होती. एक बाई फोनवर कोणाला तरी तिच्या सुनेबद्दल सांगत होती, आणि सून काही चांगली नव्हती. ब्रँडीचं नाव कोणी काढेना. पण वास येत होता, नाहीतर मला वाटत होता. उठावं असं मनात म्हणत होतो आणि उठत नव्हतो. आपण कशासाठी आलोय, वाक्यासाठी की कशासाठी, असा मी स्वतःला प्रश्न केला आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात पाठीमागून बारमन आला. मोठ्या मिशांचा, मला चांगला ओळखणारा. त्या हॉटेलात नोकरांनी पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलायचं असा नियम आहे, शेजारच्या गल्लीतला माणूस असला तरी. इतक्या महिन्यांनी मला पाहून त्याला खरंच आनंद झाला होता. तो जरासा वाकला आणि नेहमीसारखं, एका शब्दात विचारलं.

“ब्रँडी?”

एवढंच. शेकोटी नाही, कर्नल नाही, खिडकी नाही. एक शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या सगळ्या आयुष्याची जुळवाजुळव त्या एका प्रश्नचिन्हापाशी येऊन थांबली होती आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं, नुसती मान हलवली तरी पुरलं असतं.

“नॉट फॉर मी, थँक्स,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “टी देन, सर?” मी म्हणालो, टी. तो गेला. मी चहा प्यायलो, कप बशीवर वाजत होता म्हणून दोन्ही हातांनी धरून प्यायलो, आणि बाहेर पडलो. नदीवरच्या पुलावर आल्यावर मला आधी रडू आलं आणि मग एकदम लक्षात आलं, की अरे, वाक्य मिळालं.

बुधवारी सगळे टेबलाभोवती बसले. ताई माझ्या समोर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चहाच्या टेबलाशी झालेल्या बोलण्यानंतर आम्ही घरीही जेवढ्यास तेवढं बोलत होतो. भावोजींनी तर दोघांमधे बसून सगळं जेवण हवामानावर काढलं होतं.

'ब्रँड', 'ब्रँडिश', 'ब्रँड-न्यू' पार पडले. मग मी ब्रँडीवर आलो आणि मला जाणवलं, की खोलीतली पेन्सिलींची खरखर थांबली आहे.

“मनुका रात्रभर ब्रँडीत भिजत घाला,” मी वाचलं. वाक्य अर्थातच इंग्रजीत होतं.

काकांच्या भुवया वर गेल्या, पण जुळणीबाईंनी टकटक व्हायच्या आतच साक्ष दिली. त्यांची नणंद केक करते आणि व्हिडिओतल्या बायकांसारखं इंग्रजीत बोलत बोलत करते. एकदा तर मनुकाच संपवून टाकल्या होत्या तिने, केक व्हायच्या आधी. वाक्य राहिलं.

“तिला धक्का बसलाय, थोडी ब्रँडी द्या.” हे मी पाकिटातून घेतलं होतं, त्यातल्या त्यात बरं म्हणून.

कात्रीबाईंनी टकटक केली. “आता साखरपाणी देतात,” त्या म्हणाल्या. साक्षीला कोणी नव्हतं. जुळणीबाईंनी दुसरी टकटक केली आणि वाक्य मेलं. मलाही त्याचं वाईट वाटलं नाही.

आता एकच उरलं होतं. तीनपैकी एकच टिकलं तर शब्द पडला असं धरतात. पडलेला शब्द दुसऱ्याकडे जातो, आणि हा शब्द दुसऱ्याकडे गेला तर माझं काय होणार हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं.

“ब्रँडी?” मी वाचलं. “नॉट फॉर मी, थँक्स.”

काकांचं बोट टेबलावर पडलं. टकटक.

“मला तू आवडतोस रे,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरंच पडला होता. “पण नियम म्हणजे नियम. हे पुस्तकी आहे. चहाला नको म्हणणारा मी पाहिलाय, सरबताला नको म्हणणारा पाहिलाय. समोर केलेल्या ब्रँडीला नको म्हणणारा माझ्या उभ्या आयुष्यात मला भेटलेला नाही.”

“साक्ष?” कात्रीबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. लिहिणाऱ्याला साक्ष नाही. जुळणीबाई खाली बघत होत्या. त्यांना माझ्यासाठी खोटं बोलावंसं वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्या बोलणार नव्हत्या हेही दिसत होतं. कात्रीबाईंनी बोट वाकवलं. ते टेबलापासून वीतभर वर थांबलं.

“मी ऐकलंय,” ताई म्हणाली.

बाईंचं बोट तसंच राहिलं. “कुठे?”

“नदीकाठच्या हॉटेलात. परवा, दुपारी.”

“कोणाकडून?”

“ह्याच्याकडून.”

मला काही समजेना. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती टेबलाकडे बघत राहिली.

“मी दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली होती बाई. दाढ दुखत नव्हती. हा निघाला तशी मीही मागून निघाले. तो केकवाल्यांकडे, मी समोरच्या दुकानात. तो कुत्र्यांच्या डॉक्टरकडे, मी रिक्षाच्या आडोशाला. मग तो त्या हॉटेलात शिरला. आत जाऊन कुंडीतल्या झाडामागे उभी राहिले. दरवाजावरच्या माणसाने दोनदा विचारलं, कोण हवंय. मग तो मिशीवाला आला आणि त्याने ह्याला विचारलं, ब्रँडी?”

तिने समोरचं मुद्रित उलटं करून ठेवलं.

“मी डोळे मिटून घेतले,” ती म्हणाली. “मला बघवेना. म्हणून पाहिलं नाही मी काही. फक्त ऐकलं.”

तळाच्या चष्म्यांच्या दुकानात कोणीतरी कोणालातरी फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगत होतं, तेही वर ऐकू येत होतं.

“बहिणीची साक्ष चालते का?” काकांनी विचारलं. त्यांना नियमाची खात्री करून घ्यायची होती, वाईट हेतू नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“नियमात फक्त लिहिणारा बसत नाही,” कात्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोट सरळ केलं. “वाक्य राहील. या शब्दाला दोनच पुरेत. पुढे मास्तर. ब्रॅश.”

मी 'ब्रॅश' वाचला. कसा वाचला देव जाणे, मला अक्षरं दोन दोन दिसत होती. कोणी टकटक केली नाही.

सगळे उठले तेव्हा बाई कागद गोळा करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “'सी' मोठं अक्षर आहे, मास्तर. वर्ष जाईल त्याच्यात. त्यात कॉन्यॅक आहे आणि कॉकटेल आहे, तेही तुमचेच. उद्या येताना तुमची कागदपत्रं घेऊन या, कायमचं करून टाकू.” मग ताईकडे वळल्या. “आणि तुम्ही पाकिटांना हात लावायचा नाही.” ताईने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

जिना उतरताना आम्ही दोघंच होतो.

“कधीपासून माझ्या मागे येतेस?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“रोज?”

“रोज कुठे जमतंय. पण तू शीळ घालत बाहेर पडलास की हमखास यायचे. तू खूश असलास की मला भीती वाटते.”

मी चिडायला हवं होतं. एका मोठ्या माणसाच्या मागे त्याची बहीण महिनोन्महिने झाडांच्या, रिक्षांच्या आडून फिरते, यात चिडण्यासारखं पुष्कळ होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ताई कुंडीतल्या झाडामागे डोळे घट्ट मिटून उभी होती, आणि मला हसू आलं. मी तिची पिशवी हातात घेतली. तिने ती परत ओढून घेतली.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता नाही,” ती म्हणाली. “गुडघे गेले माझे. मी भाजी घेऊन जाते, तुझं तू ये. कुठे जायचं असेल तर जाऊन ये.”

फुटपाथवर आल्यावर ती उजवीकडे वळली, बाजाराच्या बाजूला. मी दारातच थांबलो. ती गर्दीतून वाट काढत, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत चालली होती, आणि आता वळेल, मग वळेल, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो. कोपरा आला. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.